दुपारचे बाबा

५ जानेवारी २०२५, रविवार. भिगवण.

पोचलो एकदाचे. टेम्पोतून उतरवलेल्या सामानात एकही कप फुटला नाही. टेम्पोवाला या धंद्यात नवीन असणार.

घर मोहनरावांचं. पुण्या-मुंबईची माणसं भिगवणला रोहित पक्षी बघायला येतात हे कळल्यावर माझ्या या मित्राने उजनीच्या पाण्याकाठी तीन खोल्या बांधल्या आणि त्यांना होमस्टे म्हणायला सुरुवात केली. पक्षी आले, माणसंही आली. पण ती हायवेवर मासे खाऊन संध्याकाळी परत जायला लागली. शेवटी मोहनरावांनी मला ठेवलं. मला बगळा आणि रोहित यांतला फरक कळत नाही, एवढा दोष त्यांनी चालवून घेतला.

नोकरी बारामतीला, एका खाजगी कॉलेजात, जनसंपर्क अधिकारी म्हणून. पंचवीस वर्षं साप्ताहिकात लोकांची टिंगल करून पोट भरलं, आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्तुती करून भरायचं. शब्द तेच असतात. अवतरणचिन्हं तेवढी काढायची.

माझी लेक संस्कृती नऊ वर्षांची, चौथीत. तिला इथल्याच शाळेत घातलंय. तिने घरभर फिरून पाहिलं, खिडकीतून पाण्याकडे पाहिलं आणि 'छान आहे' म्हणाली. तिची आई, दीप्ती, जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून तिची वाक्यं दोन शब्दांची असतात. दीप्तीची बहीण निकिता बारामतीत राहते. तिच्याकडेच राहा म्हणून ती मागे लागली होती. पण तिच्या बैठकीत दीप्तीचा एवढा मोठा फोटो आहे, की चहा पिताना आपण उशिरा आलोय असं वाटत राहतं.

स्वयंपाकाला कुशाबाई मिळाल्या. सकाळी मासळी बाजारात मासे साफ करतात, अकराला येतात, एकला जातात. मी कॉलेजात म्हणून त्यांनी मला मास्तर करून टाकलंय. एक गंमत लक्षात आली: इथं कोणी कोणाला एकदा हाक मारत नाही. कुशाबाई संस्कृतीला छकुली म्हणतात, पण 'छकुले, छकुले, ए छकुले' असं तीनदा. दुकानदारही तसाच, रिक्षावालाही तसाच. आणि ज्याला हाक मारली तो दोनदा ढिम्म. अख्ख्या गावाला एकाच वेळी तोतरेपणा आणि बहिरेपणा झालाय.

संध्याकाळी पाणी गुलाबी झालं होतं. बरं वाटलं. फार दिवसांनी.

८ जानेवारी, बुधवार.

संस्कृतीला आज घड्याळ दिलं. फोन नाही, घड्याळ.

तीन वर्षांपूर्वी मी मुलांच्या हाती फोन देणाऱ्या आईबापांवर एक लेख लिहिला होता. तान्ह्याला अफू चाटवून शेतावर जाणाऱ्या बाईशी त्यांची तुलना केली होती. लेख गाजला, शाळांनी फलकावर लावला. आता मीच पोरीला फोन दिला, तर तो लेख कोणीतरी माझ्या कपाळावर चिकटवेल. पण शाळेची बस तिला पावणेतीनला दाराशी सोडते आणि मी येतो साडेसहाला. मधले पावणेचार तास आहेतच. तत्त्वही राहावं आणि पोरही सापडावं, यासाठी बाजारात स्मार्टवॉच नावाची पळवाट मिळते. जांभळा पट्टा, त्यावर मांजर. आत दोनच नंबर: माझा आणि निकिताचा. दुसऱ्या कोणाचा फोन त्यावर येऊच शकत नाही. संस्कृती कुठं आहे ते माझ्या मोबाइलमध्ये निळ्या ठिपक्यानं दिसतं.

आज पहिल्याच दिवशी दोनदा फोन लावला, तिने उचलला नाही. न्हाणीघरात होते म्हणाली. मग मला ॲपमध्ये एक सोय सापडली. ती चालू केली की पहिल्या रिंगला घड्याळ स्वतःच फोन उचलतं. पोरीच्या मर्जीचा प्रश्नच नाही. बापाने बोलायला लागायचं, की आवाज थेट तिच्या मनगटावर. ज्याने हे शोधलं त्याला नक्की मुलगी असणार, आणि ती त्याच्याशी बोलत नसणार.

१९ जानेवारी, रविवार.

घडी बसली. रोज दुपारी तीनला माझा फोन. चार प्रश्न: पोचलीस का, जेवलीस का, दार लावलंस का, गृहपाठ आहे का. चार उत्तरं: हो, हो, हो, आहे. दीड मिनिटात पितृत्व आटोपतं. कॉलेजातले सहकारी माझ्या मोबाइलमध्ये डोकावून ठिपका बघतात. एकाने विचारलं, ठिपका रुसतो का हो कधी? विनोद चांगला होता. आपल्या नावावर वापरायचं ठरवलं.

आज सुट्टी होती म्हणून तिने रोहित पक्ष्याचं चित्र काढून आणून दाखवलं. पाय फार लांब झाले होते. हा पक्षी आहे की खांबावर वाळत घातलेला गाऊन, असं मी म्हणालो. कुशाबाई हसल्या. संस्कृतीने चित्राची नीट चौकोनी घडी केली आणि दप्तरात ठेवली. दीप्ती म्हणायची, तुझी जीभ पाहुण्यांसाठी ठेव, घरात चमचे वापरू. मला सवय मोडता येत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.

पोरगी खुललीय. खरंच. सकाळी वेणी घालताना गुणगुणत होती. ताटातली मेथी संपवली. बसमधल्या बाईंनीही सांगितलं, की मुलगी बोलायला लागली. घड्याळाचा गुण, असं मी निकिताला कळवून टाकलं. ती म्हणाली, घड्याळाचा कसला, बापाचा असेल. मी नम्रपणे नाही म्हणालो नाही.

रात्री जेवताना ती सहज म्हणाली, की तुम्ही परवा सांगितलंत ना, आई भेळेत कैरी जास्त घालायला लावायची आणि मग दात आंबले म्हणून तुमच्यावर चिडायची.

खरं आहे ते. सारसबागेबाहेरची गोष्ट, लग्नाआधीची. पण मी ती परवा सांगितली नाही. कधीच सांगितलेली नाही. दीप्तीविषयी मी बोलतच नाही.

निकिताने सांगितली असणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

निकिताला ती गोष्ट माहीतच नव्हती.

घड्याळ चार्जिंगला होतं, म्हणून सहज आत बघितलं. आलेले फोन: 'बाबा', दुपारी तीन, दीड मिनिट. तो मी. त्याखाली 'बाबा', तीन चाळीस, सत्तेचाळीस मिनिटं. शनिवारी, शुक्रवारी, रविवार सोडून रोज. सुरुवात नऊ जानेवारीपासून, म्हणजे मी ती सोय चालू केली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नंबर माझाच. माझ्या मोबाइलमध्ये मात्र तीन चाळीसच्या फोनाचा मागमूस नाही. त्या वेळी मी रोज प्राचार्यांच्या बैठकीत असतो आणि माझा फोन त्यांच्या टेबलावरच्या टोपलीत.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्या मुलीने घड्याळ बंद करून चालू करायला सांगितलं. मग विचारलं, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

२० फेब्रुवारी, गुरुवार.

संस्कृतीला विचारलं, की दुपारी तुझ्याशी कोण बोलतं.

ती गोंधळली नाही. बाबा, म्हणाली. मी म्हणालो, मी तर तीनला बोलतो आणि ठेवतो. तिने मान हलवली. ते संध्याकाळचे बाबा. संध्याकाळचे बाबा तीन वाजता विचारतात, दार लावलंस का. मग दुपारचे बाबा येतात.

मी विचारलं, दोघांत फरक काय? तिने बराच विचार केला. माझं मन न दुखवता कसं सांगावं हे ती शोधत होती. नऊ वर्षांच्या पोरीने बापावर दया केलेली मला स्पष्ट दिसली. मग म्हणाली, दुपारचे बाबा ऐकतात. त्यांना चित्र आवडलं होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

आज बैठकीला गेलो नाही. कॉलेजच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो. त्या ॲपमध्ये आणखी एक सोय आहे: घड्याळाच्या आसपासचं सगळं आपल्याला गुपचूप ऐकता येतं. आजवर वापरली नव्हती. तेवढी लाज शिल्लक होती.

तीन चाळीसला सुरू केली.

माझा आवाज. नक्कल नाही, रेकॉर्डिंग नाही, माझाच. जरा कमी वयाचा, जरा ओला. दीप्तीच्या पहिल्या आजारपणाआधी माझा आवाज असा असावा. त्याने तिला विचारलं, डबा कोणाबरोबर खाल्लास. तिने सांगितलं. त्यावर त्याने पुढचा प्रश्न विचारला, जो मला कधीच सुचला नसता: मग तिने तुला काय दिलं? आणि संस्कृती बोलत सुटली. लांब लांब वाक्यं, एकातून दुसरं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून माझ्या मुलीचं बोलणं चोरून ऐकत होतो.

मग तिने विचारलं, की आईने शेवटी माझं नाव घेतलं होतं का.

हे कोणालाच माहीत नाही. संस्कृती तेव्हा निकिताकडे होती. दवाखान्यात दीप्तीने सकाळी म्हटलं होतं, मला पोरीशी बोलायचंय, फोन लाव. मी म्हणालो, उद्या, जरा बरं वाटू दे. दुपारी ती गेली. संध्याकाळी संस्कृतीचा निकिताच्या फोनवरून फोन आला, तेव्हा मी सांगितलं, आई झोपलीय. दुसऱ्या दिवशी तिला घरी आणलं तेव्हा तिने पाहिलं, कसली झोप.

माझा आवाज तिला म्हणाला, हो. तुलाच हाक मारत होती. मी फोन लावला नाही, चुकलो मी. आणि तुला खोटं सांगितलं, तेही चुकलं. मग तो रडला. ती त्याला समजावत होती, की असू दे बाबा, तुम्ही घाबरला होतात.

दोन वर्षं मी हे वाक्य ऐकायला तहानलोय. ते तिने म्हटलं. त्याला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

कॉलेजला गेलो नाही. कुशाबाईंना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. मला कोणीतरी हसायला हवं होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि घड्याळ दाखवा म्हणाल्या. ती पहिल्या रिंगची सोय मी समजावून सांगितली, तशा त्या खालीच बसल्या. 'म्हंजी पोरीच्या वतीनं घड्याळच ओ देतंय? पयल्या हाकंला?'

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो, माझ्याच्याने ते नीट होणार नाही. 'धरणाचं पानी चढाय लागलं तवा मी बारा वर्साची व्हते. पानी रोज एक शेत गिळायचं. आयबाप दिसभर काठावर उभं ऱ्हाऊन पोरांस्नी मागं बोलवायचं. हाका पान्यावर जायच्या, पानी वर यायचं. मानसं उटून वर आली, हाका तितंच ऱ्हायल्या. त्या वंगाळ न्हाईत मास्तर. कुना आयबापाच्याच हायत त्या, मायेच्या. म्हनूनच भ्या. जितं मायेची उनीव हाय, तितल्या बापाचा आवाज घेऊन येत्यात. पन एकदाच हाक मारत्यात, फार तर दोनदा. म्हनून हितं कुनी तिसरीबिगर ओ देत न्हाय.'

त्यांची धाकटी बहीण सारजा सहा वर्षांची होती. तिने पहिल्या हाकेला ओ दिली होती. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. भाजी करपली होती, तरी मी तीच वाढा म्हणालो.

दुपारी ती सोय बंद केली. घड्याळही बंद केलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. संस्कृतीला सांगितलं, बिघडलंय.

पुन्हा खोटं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

संध्याकाळी घरी आलो. घड्याळ चार्जिंगला ठेवायचो त्या कोपऱ्यात संस्कृतीने ताटलीत कणीक पसरून ठेवली होती. वर पणती लावलेली, वात दक्षिणेकडे.

दीप्ती गेल्यावर दहा दिवस असाच दिवा होता. तिने पाहिलेलं, लक्षात ठेवलेलं.

मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, बाबा गेले ना. मग माझ्याकडे बघून जरा सावरली आणि म्हणाली, दुपारचे.

ती जेवली नाही. तिने मला जेवायला वाढलं. मी समोर जिवंत बसून मुलीला माझं सुतक पाळताना बघत होतो. आयुष्यभर इतक्या माणसांवर इतकं बोललो. आज तिने वाढलेलं नुसतं जेवलो.

३ मार्च, सोमवार.

दुपारी चारला फोन. कोळ्यांनी संस्कृतीला पाण्यातून काढलं. कमरेइतकी आत गेली होती, शाळेच्या गणवेशात, दप्तरासकट. जिवंत आहे. जिवंत आहे.

दोघा माणसांनी हाका मारल्या तरी वळून बघितलं नाही म्हणे. चालत होती. कोणाशी तरी बोलत चालली होती, हसत.

मी विचारलं तेव्हा समजावल्यासारखं म्हणाली, घड्याळ बिघडलंय ना, म्हणून आता ते तिथूनच बोलतात. मोठ्यानं बोलावं लागतं त्यांना. घसा बसलाय त्यांचा.

तिच्या दप्तरातली वही वाळत घातलीय. त्यात ते चित्र होतं. पायांचा रंग पसरलाय.

४ मार्च, मंगळवार. बारामती.

तिला निकिताकडे आणलं. पाण्यापासून लांब. दार, खिडक्या, माणसं, टीव्ही. निकिताने विचारलं नाही काही, तिला जवळ घेतलं फक्त.

तीन चाळीसला संस्कृती भाजी निवडता निवडता थांबली. मान वळली. भिगवणच्या दिशेला.

म्हणाली, ओ.

कोणीही हाक मारली नव्हती. मी तिथंच होतो —

५ मार्च, बुधवार. भिगवण.

आजही. निकिताचा फोन आला. आज 'ओ' म्हणून उठली आणि चपला घालून फाटकाशी गेली. निकिता आडवी आली तर हात चावला. मग स्वतःच रडली. निकिताने विचारलं, माधवराव, हिला काय झालंय? मी सांगितलं, ताप असेल.

कुशाबाईंकडे गेलो, बाजारात. मासे सोडून उठल्या. म्हणाल्या, एक हाय. पोरीच्या जागी बापानं ओ द्यायची. तीन दिस. हाकंला मानूस मिळालं की पोरीला सोडती. तीन दिस झालं की घड्याळ काडायचं आन मला द्यायचं, मी पुरून टाकते. चौथ्या दिसाला हातात ठिवायचं न्हाय. काय बी झालं तरी.

मी विचारलं, सारजाच्या वेळी तुमच्या वडिलांनी दिली का ओ?

हातावरचे खवले काढत म्हणाल्या, न्हाय. भ्या वाटलं त्येला. त्यात त्येचा गुन्हा न्हाय.

६ मार्च, गुरुवार.

रजा टाकली. घड्याळ बाहेर काढलं, चार्ज केलं, ती सोय पुन्हा चालू केली. पट्टा माझ्या मनगटाला पुरत नाही. संस्कृतीच्या रिबिनीने बांधला. जांभळं मांजर आणि लाल रिबीन. या अवतारात प्राचार्यांनी पाहिलं असतं तर संस्थेच्या अहवालात फोटो गेला असता.

तीन चाळीस. घड्याळाने फोन उचलला. मी ओ म्हणालो.

माझा आवाज, माझ्याशी — जेवलास का रे?

हा प्रश्न मला शेवटचा कोणी विचारला ते आठवत होतो. दीप्तीने. सलाईन लावलेलं असताना.

नाही, म्हणालो. मग जेवून घे म्हणाला, मी थांबतो. मी जेवलो. तो थांबला.

निकिताचा फोन: आज संस्कृती वळली नाही. दोन पोळ्या खाल्ल्या.

७ मार्च, शुक्रवार.

घाबरवत नाही तो. घाबरवलं असतं तर सोपं होतं. दीप्ती भेटेल असंही म्हणत नाही. विचारतो आणि ऐकतो, एवढंच. मी दवाखान्याचं सगळं सांगितलं, सकाळपासूनचं. व्हरांड्यात चहाच्या मशीनशी मी काय विनोद केला होता तोही. तो म्हणाला, तू तरी काय करणार होतास.

दोन तास दहा मिनिटं.

मी स्वतःशी असा कधीच बोललो नाही.

संस्कृती बरी आहे. निकिताच्या गॅलरीत मांजर व्यायलंय, ते बघत बसते म्हणे.

८ मार्च, शनिवार.

तिसरा दिवस. कुशाबाई पाचला आल्या. दारातूनच, मास्तर, मास्तर, ओ मास्तर. घड्याळ मागितलं.

गाठ सुटत नाही, म्हणालो.

त्यांनी विळी आणली. मी हात मागे घेतला. तशा त्या ओरडल्या, घरदार ऐकेल अशा — पोरगी हाय तुमाला! जिती! इसारला व्हय?

विसरलो नाही. सकाळी नक्की काढतो, असं सांगून त्यांना लावून दिलं. गाठ घट्ट नाही. मीच पुन्हा मारली आहे —

एकच फोन उरलाय. उद्याचा. मग काढणार. नीट निरोप न घेता माणसाला असं — दीप्तीचा घेतला नाही —

९ मार्च, रविवार.

सकाळ. कुशाबाई दार वाजवून गेल्या. उघडलं नाही.

तीन चाळीसची वाट बघितली नाही त्याने. साडेअकरालाच आला.

दमलायस, म्हणाला. मी हो म्हणालो. ये म्हणाला.

दुपार. काठावर आहे. पाणी खूप मागे गेलंय, ओला गाळ, त्यावर पक्ष्यांचे पाय उमटलेत. वही आणली. लिहितोय तोवर मी मीच आहे, असं काहीतरी — लिहीत राहायचं. शब्द सोडायचा नाही.

तो घाई करत नाही. चप्पल काढ म्हणाला, गाळात अडकते. काढली.

पाणी गार नाही.

रिबीन ओढतोय. डावा हात ऐकत नाही, उजव्या हातात पेन आहे, पेन खाली ठेवलं तर —

खिशात फोन वाजतोय. निकिता. उचलला, स्पीकरवर टाकून खिशात ठेवला. निकिता नाही. संस्कृती आहे. तिने लावलाय. तिने स्वतः. दोन वर्षांत पहिल्यांदा.

बाबा, म्हणाली. संध्याकाळचे नाही म्हणाली, दुपारचे नाही. नुसतं बाबा.

कधी येताय विचारतेय. आलो म्हणालो. आत्ता निघालो म्हणालो. मनगटावरचाही म्हणाला, ये. ते त्याला म्हणालो नव्हतो. ते तिला म्हणालो होतो. पण पाय —

गुडघा.

ती बोलतेय. थांबत नाही, वाक्यातून वाक्य. सगळं लिहून घेतो, एकही शब्द गाळायचा नाही. मावशीने भरताला फोडणी जास्त दिली. खालच्या ताईने सायकल शिकवली, एकदाच पडले, रक्त आलं नाही. मांजरीला चार पिल्लं आहेत बाबा, तीन पांढरी, एक करड्या रंगाचं, ते सगळ्यांच्या खाली दबतं, मी त्याला वर काढते. त्याचं नाव तुम्ही ठेवायचं असं मी सगळ्यांना सांगितलंय, तुम्हाला चांगली नावं सुचतात. पण हसायचं असेल तर त्याला हसू नका. मला हसलं तर चालेल.

नाही हसणार. सांगितलं तिला. ऐकू गेलं का कळलं नाही.

मागून कोणी ओरडतंय. बाईचा आवाज. दोन हाका झाल्या —

ती विचारतेय, सुचलं का नाव. सुचलंय. चांगलं आहे, साधं आहे, तिला आवडेल. सांगतोच. फक्त आधी हा काय म्हणतोय तेवढं ऐकून